जुन्या फोटोचं साल कसं शोधायचं (मागे काहीच लिहिलेलं नसेल तर)

घरात जुन्या फोटोंचा गठ्ठा सापडला की कोणीतरी लगेच ओलं फडकं घेऊन पुसायला बसतं, नाहीतर सगळे काढून नव्या अल्बममध्ये लावायला घेतं. दोन्ही नका करू. आधी सगळं जसं आहे तसं मोबाईलमध्ये टिपून ठेवा, कुठला फोटो कुठल्या पाकिटात होता, कोणाच्या शेजारी होता, कारण एकाच पाकिटातले फोटो बऱ्याचदा एकाच वेळचे असतात आणि तो क्रम एकदा मोडला की मग बसा डोकं खाजवत.

मग फोटो उलटा करून मागची बाजू नीट बघा, स्टुडिओचा शिक्का, पोस्टकार्डाच्या रेघा, काहीही कामाचं असतं. चिकटलेला असेल तर ओढायचा नाही!

फोटो कागदावर नसून आरशासारख्या पत्र्यावर असेल आणि तिरका धरला की निगेटिव्हसारखा दिसत असेल तर तो डॅगरोटाइप, ही पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली. लोहचुंबकाकडे ओढला जाणारा पातळ पत्रा असेल तर टिनटाइप. पण बहुतेकांकडे कागदच असतो आणि त्यासाठी माझी आवडती युक्ती म्हणजे नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च. अंधारात कागदाच्या कोऱ्या कडेवर मारा, निळसर पांढरा चमकला तर कागदात ब्राइटनर (कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेलं रसायन) आहे, आणि फोटोच्या कागदात ते साधारण १९५० नंतरच यायला लागलं. लुईस हाइन हा अमेरिकन फोटोग्राफर १९४० मध्ये वारला, त्याने स्वतः काढलेले म्हणून विकले गेलेले काही प्रिंट याच चमकेमुळे संशयात सापडले होते. उलट चमकला नाही म्हणून जुनाच असं मात्र नाही, नंतरच्याही सगळ्या कागदांत ब्राइटनर नसतं.

आणि हे झालं कागदाचं वय, क्षणाचं नाही, जुन्या निगेटिव्हवरून नवी कॉपी कधीही काढता येते. क्षणासाठी फोटोतली सगळ्यात नवी वस्तू शोधा. कपडे, फर्निचर लोक वर्षानुवर्षं वापरतात त्यामुळे त्यावर जाऊ नका, पण एखादं गाडीचं मॉडेल, रेडिओ, मागची अर्धवट बांधलेली इमारत दिसली की फोटो त्याच्या आधीचा असूच शकत नाही.

घरातल्या मोठ्यांना विचारताना "हा काकाच ना?" असं विचारू नका, ते हो म्हणून मोकळे होतात. "यात कोण कोण आहे?" एवढंच विचारा आणि रेकॉर्डिंग चालू ठेवा. मिळालेली नावं मागे कडेला मऊ पेन्सिलीने, पेनने अजिबात नाही (गुळगुळीत प्लास्टिकसारख्या कागदावर पेन्सिल उठत नाही, मग नावं पाकिटावर लिहा). नुसतं "आजी" लिहून काय उपयोग, कोणाची आजी? पूर्ण नाव लिहा, खात्री नसेल तर पुढे "बहुतेक" लिहा.

स्कॅन ६०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके) करा. लॅमिनेशन आणि सेलोटेप, दोन्ही बाद.