याची पावती कुणाची? नवी मोटारसायकल घेताना शोरूमच्या जादा आकड्यांचं काय करायचं

मी उंब्रजची. कराडला एका दूध संस्थेत हिशेब बघते. दिवसभर बिलं आणि पावत्याच हातात असतात. 2025 च्या दसऱ्याला धाकट्या भावाला 125 सीसीची मोटारसायकल घेतली. शोरूमनं पहिल्यांदा सांगितलेला आकडा 1,26,300 होता. प्रत्यक्षात आम्हाला पडले 1,13,530. मधले 12,770 रुपये घासाघीस करून वाचले नाहीत. कागदावरच्या प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारला, याची पावती कुणाची मिळणार? तेव्हापासून आमच्या आळीत कुणी गाडी घ्यायला निघालं की कोटेशन घेऊन आमच्या ओट्यावर येतं. त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते.

सगळ्यात आधी छापील कोटेशन मागा. आम्ही गेलो तेव्हा सेल्सच्या मुलानं जाहिरातीच्या पत्रकाच्या पाठीमागं बॉलपेननं तीन आकडे लिहिले. गाडी, आरटीओ-इन्शुरन्स, आणि खाली गोल करून ऑन रोड, म्हणजे सगळं धरून एकूण. भाऊ तेवढ्यावर खूश होता, कारण त्याची नजर गाडीवर होती. मी म्हटलं, "दादा, हे शिक्क्याच्या कागदावर एकेक ओळ वेगळी करून द्या." तो म्हणाला, "मॅडम, बुकिंग केल्यावर देतो." मी म्हटलं, "कोटेशन मिळाल्यावर बुकिंग करतो." अर्ध्या तासानं कागद आला आणि तीन आकड्यांच्या आठ ओळी झाल्या.

एक्स-शोरूम 94,200. आरटीओ 12,900. विमा 9,150. हँडलिंग 2,500. ॲक्सेसरीज किट 4,350. जादा वॉरंटी आणि रोडसाइड (वाटेत गाडी बंद पडली तर मदत) 1,900. नंबर प्लेट 550. फाईल चार्ज 750.

अशा कागदावर पेन्सिलीनं प्रत्येक ओळीपुढं तीनपैकी एक शब्द लिहायचा. सरकार, विमा कंपनी किंवा शोरूम. सरकारला जाणाऱ्या पैशांची सरकारी पावती निघते. विम्याची पॉलिसी निघते. उरलेलं सगळं शोरूमचं, आणि बोलणी करायची ती तिथं.

एक्स-शोरूमची, म्हणजे कर-विमा सोडून गाडीच्या नुसत्या किमतीची, खात्री घरूनच करून निघा. कंपनीच्या वेबसाइटवर आपलं शहर निवडलं की आकडा दिसतो. आमच्या वेळी 22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्याच दिवशी, 350 सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला होता. त्यामुळं जुने दरपत्रक टेबलावर नाही ना, एवढं मी आधी पाहिलं. या किमतीतच गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणायचा खर्च आणि डीलरचा नफा धरलेला असतो. हे पक्कं लक्षात ठेवा, पुढं कामाला येतं.

ते कामाला येतं हँडलिंगच्या ओळीवर. नाव बदलत राहतं. कुठं लॉजिस्टिक, कुठं डेपो, कुठं सर्व्हिस चार्ज. मी विचारलं, "हे कशाचे?" तो म्हणाला, "गाडी गोडाऊनवरून आणणं, धुणं, पासिंगची धावपळ." गाडी आणायचे पैसे किमतीत आलेच आहेत. विकायची वस्तू धुऊन ठेवणं हे दुकानदाराचंच काम. आणि पासिंगबद्दल सांगायचं तर नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज डीलरनंच करायचा, असं मोटार वाहन कायद्याच्या कलम 41 मध्ये आता लिहिलेलंच आहे. तो अर्ज शोरूममधल्या संगणकावरूनच होतो. नोंदणी झाल्याशिवाय गाडी ग्राहकाच्या ताब्यात द्यायची नाही, हाही नियम त्यांच्यावरच आहे. मग त्यांच्या कर्तव्याचे पैसे आपण का भरायचे?

इथं आवाज चढवू नका. चढवलात की समोरचा मुलगा गप्प होतो आणि बोलणं तिथंच थांबतं. त्याच्या हातात बहुतेक वेळा काही नसतंही. मी एवढंच म्हटलं, "हँडलिंगचे 2,500 टॅक्स इन्व्हॉइसवर वेगळ्या ओळीत लिहून, जीएसटी लावून, शिक्का मारून देणार का?" तो आत गेला. मॅनेजर बाहेर आले, म्हणाले, "ताई, सगळेच देतात." मी तोच प्रश्न त्यांना विचारला. ते म्हणाले, मग तुमच्या रंगाची गाडी दसऱ्यापर्यंत येईल असं नाही. आम्ही उठलो, साताऱ्याला गेलो, दुसऱ्या शोरूमचं कोटेशन घेतलं. तिथं हँडलिंगची ओळ नव्हती, ॲक्सेसरीज मात्र होत्या. दोन्ही कागद घेऊन परत कराडला आलो, तेव्हा हँडलिंगवर मॅनेजरांनी स्वतः काट मारली. गाडी आमच्या रंगाची होतीच. म्हणून सांगते, दोन शोरूमचे दोन कागद हातात ठेवा. ज्याला गाडीची घाई आहे तो माणूस बोलणी करायला बसवू नका.

फाईल चार्ज हाही त्याच घराण्यातला. अर्ज त्यांनीच करायचा, मग फाईल कुणाची? तोही गेला.

नंबर प्लेटच्या 550 वर लोक हमखास फसतात, कारण जुन्या गाड्यांना महाराष्ट्रात एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षा नंबर प्लेट, बसवायला 450 अधिक जीएसटी, म्हणजे 531 रुपये भरल्याचं सगळ्यांना आठवतं. ते जुन्या गाडीचं झालं. 1 एप्रिल 2019 पासून बनलेल्या गाडीची पाटी कंपनीनंच गाडीबरोबर द्यायची असते, तिचे पैसे किमतीत आलेले असतात.

आता ॲक्सेसरीज किट. "कंपल्सरी आहे मॅडम, गाडीला लावूनच येतं." मी त्याचे तुकडे करून मागितले. हेल्मेट 950, साडी गार्ड 650, क्रॅश गार्ड 950, सीट कव्हर 550, टाकीचं कव्हर 400, बॉडी पॉलिश 850. यातली पहिली दोन नावं नीट वाचा. केंद्रीय मोटार वाहन नियम 138 प्रमाणं दुचाकी विकताना प्रमाणित हेल्मेट द्यायची जबाबदारी उत्पादकाची आहे. नियम 123 प्रमाणं मागं माणूस बसण्याची सोय असलेल्या मोटारसायकलला धरायला हँडग्रिप, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं, कपडे अडकू नयेत असं संरक्षण असायलाच हवं. म्हणजे साडी गार्ड ही हौसेची वस्तू नाही, तिच्याशिवाय गाडी पूर्णच होत नाही. माझी आई मागं बसते, नऊवारी नेसून. तिचा पदर ज्या जाळीमुळं चाकात जात नाही त्या जाळीचे 650 वेगळे लावलेले पाहून मला खरोखर राग आला. बोलले मात्र शांतपणे, नियमाचा आकडा सांगून. दोन्ही गोष्टी बिनपैशाच्या मिळाल्या. हेल्मेटवर आयएसआयचा छाप आहे ना, ते तिथंच उलटं करून बघा.

क्रॅश गार्ड भावाला हवा होता, तो 950 ला घेतला. सीट कव्हर बाहेर निम्म्यात मिळतं. पॉलिशची नव्या गाडीला गरज नाही. हवं ते घ्या, बिनधास्त घ्या, पण हे घेतलं तरच गाडी, ही अट कुणी घालू शकत नाही. एका वस्तूसाठी दुसरी गळ्यात मारणं ग्राहक संरक्षण कायद्यात निर्बंधक व्यापारी प्रथा म्हणून धरलेलं आहे.

जादा वॉरंटीबद्दल माझं मत इतकं कडक नाही. कंपनीची स्वतःची असेल आणि गाडी रोज 60-70 किलोमीटर पळणार असेल तर घ्यायला हरकत नाही. पण ती त्याच दिवशी घ्यायची गरज नसते, मूळ वॉरंटी चालू असताना नंतर घेता येते का ते विचारा. आम्ही सोडली.

विम्यावर थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथं आहे. 9,150 कशाचे विचारलं तर उत्तर आलं, "पाच वर्षांचा फुल इन्शुरन्स, कंपल्सरी." त्यातलं अर्धंच खरं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा, सक्तीचा आहे. त्याचा दर सरकार ठरवतं, तो सगळ्या कंपन्यांचा सारखाच. जून 2022 मध्ये लागू झालेल्या दरांनुसार 75 ते 150 सीसीला पाच वर्षांचे 3,851, 150 ते 350 ला 7,365 आणि 350 च्या वर 15,117, वर 18 टक्के जीएसटी. आमच्या गाडीला 4,544 झाले. इथं घासाघीस नाही.

पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा एका वर्षाचा घेता येतो आणि त्याचा हप्ता कंपनीगणिक वेगळा असतो. शोरूमच्या कागदात मालकाचा 15 लाखांचा अपघात विमासुद्धा पाच वर्षांचा धरला होता. तो एका वर्षाचा चालतो, आणि तुमच्या नावावर आधीच 15 लाखांचा किंवा जास्तीचा वैयक्तिक अपघात विमा असेल तर पुन्हा घ्यावाच लागत नाही. विमा आमच्याकडूनच घ्या अशी सक्ती डीलर करू शकत नाही, विमा नियामकानं 2017 मध्ये वाहन डीलरांसाठी केलेल्या नियमांत हे आहे. "बाहेरून घेतला तर कॅशलेस मिळणार नाही" असं आम्हालाही सांगितलं. कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचं बिल विमा कंपनीनं थेट वर्कशॉपला देणं, हे विमा कंपनीच्या यादीत ते वर्कशॉप आहे की नाही यावर ठरतं, पॉलिसी कुणी विकली यावर नाही. मी त्या वर्कशॉपचं नाव कंपनीच्या यादीत शोधलं, होतं, आणि झिरो डेप (सुट्या भागांची झीज न कापता भरपाई) धरून 6,680 ला पॉलिसी काढली. त्यासाठी चासी आणि इंजिन नंबर लागतो. शोरूमनं तुमच्यासाठी गाडी ठरवून बाजूला ठेवली की तो लेखी मागून घ्या. नोंदणीच्या आधी पॉलिसी हातात हवी, म्हणून हे काम शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

कर्जावर घेणार असाल तर आणखी एक पान वाचावं लागेल. माझ्या मामेबहिणीला शोरूममधल्याच टेबलावर "फक्त 9 टक्के" सांगितलं. ते फ्लॅट होते, म्हणजे हप्ते फेडत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर. एक लाखाला तीन वर्षांचे 27,000 व्याज धरून हप्ता 3,528 पडत होता. उरलेल्या, घटत्या कर्जावर काढलं तर तो दर 16 टक्क्यांच्या वर जातो. ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं कर्जाबरोबर 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा मुख्य अटींचा कागद द्यावाच लागतो, त्यात वार्षिक खर्चाचा एकच खरा आकडा लिहिलेला असतो. तो आकडा घेऊन आपल्या बँकेत जाऊन या. आरसी बुकावर कर्जाची नोंद चढवायची सरकारी फी मोटारसायकलला 500 रुपये आहे, त्याहून जास्त लावले असतील तर विचारा.

राहिली आरटीओची ओळ. ही सरकारची, पण शोरूमकडून येताना गोल होऊन येते. त्यात खरं काय असतं? गाडीच्या किमतीवर आणि सीसीवर ठरणारा एकरकमी कर, नोंदणी फी 300, स्मार्ट कार्डचे 200, पोस्टाचे किरकोळ. आमच्याकडून 12,900 घेतले. मी भरताना पोचपावतीवर एक वाक्य लिहून घेतलं: "सरकारी पावतीप्रमाणे फरक परत." मॅनेजरांनी सही केली. हे वाक्य आधी लिहून घ्या, गाडी घरी आल्यावर कुणी लिहून देत नाही.

पैसे ऑनलाइन किंवा चेकनं भरा, शोरूमच्या खात्यावर. "एवढे रोख द्या, त्याची पावती नको" म्हटलं तर ती ओळ बेकायदा आहे हे त्यांनीच सांगितलं असं समजा. बिल किंवा पावती न देणं ही कायद्यानं अनुचित प्रथा आहे. बुकिंगच्या पावतीवर रक्कम परत मिळेल असं लिहिलंय का, तेही बघा.

मुहूर्ताचं बोलायचं तर दसरा त्या वर्षी 2 ऑक्टोबरला, सुट्टीचा. त्या दिवशी गाडी दारात हवी तर विमा, कर, नोंदणी सगळं आधी उरकायला लागतं. सणाच्या आदल्या दिवशी शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि घाईत माणूस कुठंही सही करतो. घटस्थापनेच्या आसपास बोलणी संपवा.

एवढं करूनही ऐकलं नाही तर आधी कंपनीच्या ग्राहक सेवेला कोटेशनचा फोटो जोडून मेल करा. डीलरला ट्रेड सर्टिफिकेट, म्हणजे बिननोंदणीच्या गाड्या ठेवायचा परवाना, देणारं कार्यालय आरटीओच आहे, म्हणून तिथंही लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर मराठीत बोलता येतं. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथं फी नाही, वकील लावायची सक्ती नाही. या प्रत्येक ठिकाणी तुमच्याकडं लागतो तो कागद, म्हणून पहिल्या दिवसाचं कोटेशन जपून ठेवा.

आमच्या गाडीची सरकारी पावती मी वाहन पोर्टलवरून काढली. 11,700 ची होती. पावती आणि मॅनेजरांच्या सहीची पोच, दोन्ही घेऊन शोरूमला गेले. दिवाळीच्या आत 1,200 रुपये भावाच्या खात्यावर जमा झाले.