एकाच जहाजावर लागोपाठ दोन क्रूझ आणि मध्ये केबिन बदलायची असेल तर

फ्लोरिडातल्या मायामी, फोर्ट लॉडरडेल, पोर्ट कॅनाव्हरल इथून सुटणारी बरीच जहाजं एक आठवडा ईस्टर्न कॅरिबियन आणि पुढचा आठवडा वेस्टर्न अशी आलटून पालटून जातात, त्यामुळे भारतातून आई-बाबा आलेले असतील आणि हाताशी वेळ असेल तर दोन्ही जोडून घ्यायची कल्पना खरंच मस्त आहे, बंदरापर्यंतचा प्रवास एकदाच आणि सलग १४ रात्री जहाजावर. ह्यालाच बॅक-टू-बॅक म्हणतात. फक्त दोन्ही आठवडे तीच केबिन मिळेल असं नसतं, आणि मग लोकांना टेन्शन येतं की सुट्टीच्या मध्यावर सगळं सामान घेऊन ह्या डेकवरून त्या डेकवर वरात काढायची का. तर नाही काढायची. सामान हलवायचं काम स्टुअर्ड, म्हणजे तुमची केबिन आवरणारा कर्मचारी, करतो, तुमचं काम आदल्या रात्री नीट आवरून ठेवायचं.

पण आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. जहाज तेच असलं तरी सिस्टिमच्या हिशोबाने तुमची पहिली क्रूझ संपते आणि दुसऱ्या क्रूझला तुम्ही अगदी नवे पॅसेंजर असता. दोन बुकिंग नंबर, दोन ऑनलाइन चेक-इन, दोन बिलं. जिथे जिथे लोक अडकतात ना तिथे हेच विसरलेलं असतं.

बुकिंग करताना दोन्ही तारखांचे डेक प्लॅन शेजारी शेजारी उघडा आणि दोन्हीकडे रिकामी असलेली एकच केबिन सापडते का बघा, सापडली तर प्रश्नच मिटला. गॅरंटी रेट स्वस्त असतो पण त्यात केबिन कंपनी ठरवते, त्यामुळे एका जरी क्रूझला गॅरंटी घेतली तर हलावं लागणार असंच धरून चाला. अपग्रेडची, म्हणजे वरच्या दर्जाच्या केबिनसाठीची, बोली लावतानाही हा विचार करा, एकाच आठवड्याची बोली लागली की सेम केबिन हातातून गेली. काही जण मुद्दाम एक आठवडा बाल्कनी आणि एक आठवडा इनसाइड (खिडकी नसलेली) घेतात, पैसे वाचतात, मला हे पटतं, फक्त बाल्कनी त्या आठवड्याला घ्या ज्यात सी डे, म्हणजे बंदर न घेता दिवसभर समुद्रातच असायचे दिवस, जास्त आहेत, रोज बंदरावर उतरणार असाल तर बाल्कनीत बसणार कधी. सोबत वयस्कर मंडळी असतील तर केबिन जहाजाच्या मधोमध, खालच्या डेकवर आणि लिफ्टजवळ बघा, तिथे हलणं कमी जाणवतं आणि चालायलाही कमी लागतं. बुकिंग झालं की कंपनीला फोन करून दोन्ही बुकिंग एकमेकांना लिंक करून घ्या.

अलास्काचा विचार असेल तर इथे जरा थांबा. अमेरिकेत १८८६ चा पॅसेंजर व्हेसल सर्व्हिसेस अॅक्ट म्हणून कायदा आहे, त्यानुसार परदेशी झेंड्याचं जहाज तुम्हाला एका अमेरिकन बंदरातून चढवून दुसऱ्या अमेरिकन बंदरात सोडू शकत नाही, मध्ये दूरचं परदेशी बंदर लागलं तरच चालतं, आणि कॅनडातलं व्हँकुव्हर त्या 'दूरच्या' बंदरात मोडत नाही. समजा तुम्ही लॉस एंजेलिस ते व्हँकुव्हर घेतलं आणि त्याच जहाजावर पुढे व्हँकुव्हर ते अलास्कातलं व्हिटियर घेतलं. दोन्ही वेगवेगळी एकदम कायदेशीर, पण जोडली की लॉस एंजेलिस ते व्हिटियर असा एकच प्रवास धरला जातो आणि तो चालत नाही. केबिन बदलली म्हणून ह्यातून सुटका होत नाही, जहाज बदलावं लागतं. मायामीहून निघून मध्ये परदेशी बंदर करून परत मायामीलाच येणाऱ्या क्रूझना ही भानगड नाही.

व्हिसाचंही तसंच. मधल्या दिवशी, म्हणजे पहिली क्रूझ संपून दुसरी सुरू होते त्या दिवशी, अमेरिकेत एक एंट्री आणि शेवटी परत एक, म्हणून आई-बाबांचा व्हिसा मल्टिपल एंट्रीच हवा आणि दुसऱ्या क्रूझच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालू हवा. एच-१बी वाल्यांनीही पासपोर्टवरचा शिक्का संपलेला नाही ना ते बघूनच पैसे भरा, नुसत्या अप्रूव्हल नोटिसवर कॅरिबियन बेटांवरून परत येता येत नाही.

दुसऱ्या क्रूझचं ऑनलाइन चेक-इन घरूनच करून टाका, बोर्डिंग पासचा स्क्रीनशॉट किंवा प्रिंट जवळ ठेवा, जहाजावरच्या इंटरनेटवर ते करत बसू नका.

पहिला आठवडा संपायच्या एक-दोन दिवस आधी केबिनमध्ये एक पत्र येतं, त्यात मधल्या दिवशी कुठे जमायचं, किती वाजता, केबिन कधी सोडायची ते सगळं असतं. कुठे इन-ट्रान्झिट लिहितात, कुठे कॉन्सेक्युटिव्ह क्रूझर, एकच अर्थ. पत्र नाही आलं तर वाट बघत बसू नका, गेस्ट सर्व्हिसेसला जाऊन विचारा. स्टुअर्डलाही तेव्हाच नव्या केबिनचा नंबर सांगून टाका. ऑनबोर्ड क्रेडिट (जहाजावर खर्चायला कंपनीने दिलेले पैसे) मिळालेलं असेल आणि ते नॉन-रिफंडेबल, म्हणजे रोख परत न मिळणारं, असेल तर पहिल्या क्रूझचं पहिल्या क्रूझमध्येच संपवा, पुढे जात नाही. ड्रिंक पॅकेज, वायफाय हेही साधारणपणे त्या त्या क्रूझपुरतंच, दुसऱ्यासाठी वेगळं घ्यायचं. आणि लाँड्री द्यायची असेल तर दोन दिवस आधी द्या, शेवटच्या दिवशी दिलेले कपडे जुन्या केबिनच्या नंबरवर परत येतात आणि तुम्ही तिथे नसता. कार्निव्हल आणि प्रिन्सेसच्या बहुतेक जहाजांवर स्वतः कपडे धुवायच्या मशीन असतात, रॉयल कॅरिबियनवर नसतात, त्यामुळे दोन आठवड्यांचे कपडे भरताना हे लक्षात ठेवा.

आता आदली रात्र. हँगरवरचे कपडे काढायचेच नाहीत, कपाटात तसेच लटकू द्या, स्टुअर्ड हँगरसकट चाकांच्या रॅकवर टाकून नव्या केबिनमध्ये नेऊन लावतो. साड्या, कुर्ते, ब्लेझर, जे चुरगळू नये असं वाटतं ते सगळं संध्याकाळीच हँगरवर चढवून ठेवा. बाकी ड्रॉवर, बाथरूम, टेबल इथलं सगळं बॅगेत. एअरपोर्टसारखं दाबून भरायची गरज नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी परत बाहेरच काढायचंय, पण शॅम्पू, तेल, लोणच्याची बाटली असलं वेगळ्या झिपच्या पिशवीत. प्रत्येक बॅगेवर नाव आणि नव्या केबिनचा नंबर असलेला टॅग. आणि बॅगा केबिनच्या आतच ठेवायच्या!! हे परत सांगते कारण त्याच रात्री बाकी सगळे लोक रंगीत टॅग लावून बॅगा कॉरिडॉरमध्ये ठेवत असतात, तुमच्याही केबिनमध्ये ते टॅग येऊ शकतात, ते लावून बॅग बाहेर ठेवली की ती थेट खाली टर्मिनलवर जाते आणि मग हजारो बॅगांमध्ये शोधत बसा.

तिजोरी स्वतः रिकामी करायची आणि दार उघडं ठेवायचं. हमखास राहून जाणाऱ्या जागा म्हणजे दाराच्या मागचा हुक, बाथरूममध्ये ओढून बांधलेली कपडे वाळत घालायची दोरी, पलंगाखाली, बाल्कनीच्या खुर्चीवरचे स्विमसूट, प्लगमधला चार्जर, छोटा फ्रिज (इन्सुलिन ठेवलं असेल तर आधी तिथेच बघा) आणि भिंतीवरचे मॅग्नेटचे हुक, केबिनच्या भिंती स्टीलच्या असतात म्हणून लोक ते हौसेने लावतात आणि तिथेच विसरतात. कपाटाचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, नंतर जुळवायला बरं पडतं.

हातात एकच पिशवी ठेवा, त्यात पासपोर्ट, सगळी औषधं, दागिने, पैसे, चार्जर, एक कपड्यांचा जोड आणि पोहायचे कपडे. नवी केबिन दुपारी एक-दीडपर्यंत मिळत नाही, तोपर्यंत हीच पिशवी तुमचं घर. जुन्या स्टुअर्डला काही रोख द्यायचं असेल तर निघायच्या आधी द्या, नव्या केबिनला बहुतेक दुसरा असतो, आणि सामान हलवायची जास्तीची मेहनत ह्या जुन्यानेही केलेली असते. रोजची ग्रॅच्युइटी (टिप) बिलात लागते ती वेगळी.

सकाळी लवकर नाश्ता करा, केबिन साधारण आठ-नऊच्या सुमारास सोडावी लागते, नक्की वेळ पत्रात असते. मग सांगितलेल्या लाउंजमध्ये पासपोर्ट आणि केबिनचं कार्ड घेऊन जमायचं. अमेरिकन बंदरांवर नियम असा की नवे पॅसेंजर चढायच्या आधी जहाजावरचे सगळे जुने पॅसेंजर उतरलेच पाहिजेत, आकडा शून्य व्हायला लागतो, त्यामुळे तुम्हालाही उतरवतात, इमिग्रेशनला चेहरा आणि पासपोर्ट बघतात आणि परत वर घेतात. कोणीतरी एक शेवटचा पॅसेंजर उतरायचा राहिला की सगळे ताटकळत बसतात, म्हणून बाथरूमला आधीच जाऊन या, सोबत पाणी ठेवा, आणि आई-बाबांना जास्त वेळ उभं राहणं झेपत नसेल तर आदल्या दिवशीच गेस्ट सर्व्हिसेसला व्हीलचेअर सांगून ठेवा. उतरताना बुफेतलं सफरचंद, केळं पर्समध्ये नको, फळं अमेरिकेत उतरवायला परवानगी नसते. गावात औषधाच्या दुकानात वगैरे जायचं असेल तर ग्रुपबरोबर न थांबता स्वतः उतरून नंतर परत येता येतं, फक्त इन-ट्रान्झिट कार्ड आधी घ्या.

परत वर आलात की मात्र मजा आहे. तास-दीड तास एवढं मोठं जहाज जवळजवळ रिकामं, पूल, हॉट टब सगळं तुमचंच, एरवी जिथे खुर्ची मिळत नाही तिथे निवांत पाय पसरून बसा. पिशवीत पोहायचे कपडे ठेवायला सांगितलं ते ह्यासाठीच.

केबिन तयार झाल्याची अनाउन्समेंट झाली की नव्या कार्डाने दार उघडून आधी बॅगा मोजा, मग फोटो बघून हँगर जुळवा. काही कमी वाटलं तर लगेच नव्या स्टुअर्डला जुन्या केबिनचा नंबर सांगा, त्याच दुपारी शोधलेलं चटकन सापडतं, उशीर करू नका, कारण जुन्या केबिनमध्येही तेव्हाच दुसरे लोक शिरत असतात.

मस्टर ड्रिल, म्हणजे धोक्याच्या वेळी कुठे जमायचं त्याची रंगीत तालीम, परत करायचं, गेल्याच आठवड्यात केलं म्हणून टाळू नका. २०१२ च्या कोस्टा कॉन्कॉर्डिया अपघातानंतर नियम कडक झाले आणि १ जानेवारी २०१५ पासून हे ड्रिल जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या घेणं बंधनकारक आहे. केबिन बदलली की तुमचं मस्टर स्टेशनही बदलू शकतं, नव्या कार्डावर बघा आणि आई-बाबांना नव्या केबिनपासून तिथपर्यंत जिन्याने एकदा चालवून आणा, अडचणीच्या वेळी लिफ्ट वापरायची नसते आणि पाय सवयीने जुन्याच वाटेला जातात.

जेवणाचंही नव्याने सांगायचं. शाकाहारी, जैन, कांदा-लसूण नको, जे काही पहिल्या बुकिंगवर लिहिलेलं होतं ते दुसऱ्यावर आपोआप येईलच असं नाही, म्हणून त्याच दुपारी डायनिंग रूममध्ये जाऊन हेड वेटरला भेटा, आणि गेल्या आठवड्याचा वेटर आवडला असेल तर त्याचंच टेबल मागा, जमण्यासारखं असेल तर देतात. सात दिवसांनी मेन्यू पुन्हा तोच सुरू होतो, पण ओळखीच्या वेटरला आदल्या रात्री सांगितलं तर दुसऱ्या दिवशी मेन्यूत नसलेली भाजी-डाळही बऱ्याचदा करून मिळते.