जुन्या उपकाराची पोच द्यायला जाताना

पुण्यात शिकायला आलेल्या बहुतेकांच्या मनात एखाद्या काकू असतात, एखादे दुकानदार असतात. त्यांनी वेळेला थोडंसं काही केलं आणि ते विसरूनही गेले. आपण मात्र विसरत नाही. त्यांना हे जाऊन सांगा, असं मी भेटेल त्याला सांगत असते.

जाण्याआधी प्रसंग नीट आठवून ठेवा. नुसतं "तुम्ही माझ्यासाठी खूप केलंत" म्हटलं, की समोरचा "छे हो, मी कुठं काय केलं" म्हणतो आणि विषय तिथंच संपतो. बारीकसारीक सांगा. मी परभणीहून येऊन नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहायचे. रविवारी संध्याकाळी मेस बंद. अशाच एका रविवारी मी तापानं पडून होते, तर मेसच्या काकू दुखरे गुडघे घेऊन तीन जिने चढून आल्या. डब्यात गुरगुट्या भात, वर तूप-मेतकूट, झाकणात लिंबाची फोड. कपाळाला हात लावून म्हणाल्या, "सकाळी ताप उतरला नाही तर निरोप धाड, डॉक्टरांकडे मी येते." महिन्याच्या हिशेबात तो डबा त्यांनी धरला नाही. हे सगळं सांगायचं, लिंबाच्या फोडीसकट.

आणि लांबणीवर टाकू नका. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा माझ्या सासूबाई शाळकरी होत्या. घरात पाणी शिरलं, तेव्हा ओळखपाळख नसलेल्या एका बाईंनी त्यांना आपल्या मुलीचं कोरडं परकर-पोलकं दिलं. पोलकं हिरव्या खणाचं होतं, हे त्या आजही सांगतात. बाईंचं नाव विचारायचं राहिलं, ही हळहळ त्यांना अजून आहे.

शोधायचं कसं? वाडा पाडून इमारत झाली असली तरी पुष्कळदा नाव जुनंच ठेवतात. वॉचमन नवा असतो, त्याला ठाऊक नसतं. कोपऱ्यावरचा वाणी, पेपरवाला, इस्त्रीवाला यांना विचारा. शिवाजीनगर एसटी स्टँडवरचं कुणी शोधत असाल, तर २०१९ च्या अखेरीस तो स्टँड वाकडेवाडीला हलला. तिथल्या जुन्या माणसांकडे चौकशी करा.

आधी फोन करा आणि संध्याकाळी पाचनंतर जा. पैशाचं पाकीट मुळीच नेऊ नका, फेड केल्यासारखं होतं. पाव किलो पेढे पुरेत. आपली मुलं बरोबर असली तर फार चांगलं. त्यांना आठवलं नाही, तर "आठवा ना" म्हणून ताण देऊ नका. तुम्हाला आठवतंय, तेवढं बास.

माणूस गेलेला असला तरी जा, हे मला सगळ्यांत कळकळीनं सांगायचंय. मी गेले तेव्हा काकू नव्हत्या. दार त्यांच्या मुलीनं उघडलं. तिच्या आठवणीतली मेस म्हणजे आईनं पहाटे मळलेली ढीगभर कणीक आणि मुलांच्या थकलेल्या उधाऱ्या. आई कुणाच्या खोलीवर डबा घेऊन गेली होती, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. तिनं माझं बोलणं मध्येच थांबवलं, आतून नवऱ्याला हाक मारली आणि म्हणाली, "आता पहिल्यापासून सांगा." मग मी पुन्हा जिन्यापासून सुरुवात केली. निघताना तिनं विचारलं, त्या मेसमधल्या आणखी कुणाचा नंबर आहे का?

जाणं जमणार नसेल, तर पोस्टकार्ड टाका. मोबाइलवरचा मजकूर फॉरवर्डच्या गर्दीत हरवतो, कार्ड घरातले सगळे वाचतात. इमारतीचं नाव, पेठ आणि पिनकोड नीट लिहा. सदाशिव पेठेचा ४११०३०. बायकांनी सही करताना माहेरचं आडनावही घालावं, कारण त्या घरात आपली ओळख त्याच नावाची असते.