झोनची रेघ कुठे ओढायची

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी ज्या ऑफिसचं एसीचं डिझाइन केलं होतं, तिथे लोक राहायला गेल्यावर सहा महिन्यांनी मी पाहणीसाठी गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या केबिनच्या काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली होती. तिथून दहा पावलांवर, लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत बसणाऱ्या बाई शाल पांघरून काम करत होत्या. दोन्ही जागांना हवा एकाच व्हीएव्ही बॉक्समधून (गरजेप्रमाणे हवा कमी-जास्त सोडणाऱ्या पेटीतून) जात होती, कारण एसीचा हिशेब करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मी त्या दोन्ही एकाच झोनमध्ये, म्हणजे एका थर्मोस्टॅटवर चालणाऱ्या भागात, टाकल्या होत्या. रिपोर्टमध्ये एकही चूक दिसली नव्हती.

घरी येऊन मी तो हिशेब हाताने केला. केबिन १८ चौरस मीटर, दक्षिण आणि पश्चिम अशा दोन्ही बाजूंना काच. दुपारी चारला तिचा लोड, म्हणजे बाहेर काढावी लागणारी उष्णता, २.९ किलोवॅट. लिफ्टसमोरची जागा ५४ चौरस मीटर, बाहेरची भिंतच नाही, लोड १.२ किलोवॅट. खोली २४ अंशांवर ठेवायची आणि हवा १३ अंशांनी सोडायची, तर एक लिटर प्रति सेकंद हवा साधारण १३.२ वॉट उष्णता उचलते (१.२ गुणिले ११). म्हणजे केबिनला सेकंदाला २२० लिटर हवी होती आणि मोकळ्या जागेला ९०. एकूण ३१० चा बॉक्स मी बरोबर निवडला होता. पण डिफ्यूझरना (छतातल्या हवेच्या तोंडांना) हवा वाटताना क्षेत्रफळाचं प्रमाण धरलं, त्यामुळे केबिनला ७८ लिटर मिळत होती आणि शालवाल्या बाईंना २३२. थर्मोस्टॅट केबिनमध्ये होता. केबिन तापली की बॉक्समधला डँपर (हवेची झडप) आणखी उघडायचा, आणि बाईंना आणखी थंडी.

डिफ्यूझरकडचे डँपर फिरवून वाटणी सुधारता आली नसती का? दुपारपुरती आली असती. सकाळी नऊला त्याच केबिनला जेमतेम ५० लिटर लागतात आणि मोकळ्या जागेला तेवढेच ९०. गुणोत्तरच तासागणिक बदलतं, आणि एक थर्मोस्टॅट दोन वेगवेगळ्या गुणोत्तरांना उत्तर देऊ शकत नाही. तेव्हापासून मी झोन असा ओळखते: ज्या खोल्यांना एकाच वेळी, सारख्याच प्रमाणात हवा जास्त किंवा कमी लागते, त्या एका झोनच्या. भिंत मध्ये असली तरी चालेल. आणि भिंत नसली तरी झोन वेगळे असू शकतात.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी

प्लॅनची प्रिंट आणि रंगीत पेन्सिली घ्या. हे काम मी आजही कागदावरच करते, कारण स्क्रीनवर बसलं की बोट आधी खोल्या निवडायला लागतं आणि विचार मागे राहतो.

पहिली रेघ बाहेरच्या भिंतींपासून आत १५ फुटांवर, म्हणजे सुमारे साडेचार मीटरवर. ॲश्रे ९०.१ (अमेरिकेतल्या एसी-इंजिनिअरांच्या संघटनेचं इमारतींच्या ऊर्जेचं मानक) च्या परिशिष्ट जी मध्ये बाहेरचा आणि आतला भाग वेगळा करायला हेच १५ फूट वापरले आहेत, आणि अनुभवही तसाच आहे: काचेची धग आणि गारवा साधारण तेवढ्याच पट्ट्यात जाणवतो. आता ४२ बाय २४ मीटरचा मजला घ्या. एकूण १,००८ चौरस मीटर. आतला गाभा ३३ बाय १५, म्हणजे ४९५. कडेचा पट्टा ५१३. अर्ध्याहून थोडा जास्त मजला कडेचाच निघाला! हा आकडा मी नव्या मुलांना मुद्दाम काढायला लावते. कडेचा पट्टा म्हणजे खिडकीजवळची दोन-चार टेबलं, असा त्यांचा समज असतो.

मग चार कोपऱ्यांतून आत ४५ अंशांच्या रेघा ओढून पट्ट्याचे चार भाग करा, कारण पूर्व आणि पश्चिम कधीच एकत्र करायच्या नाहीत. पूर्वेची काच सकाळी तापते, पश्चिमेची दुपारनंतर. उत्तर गोलार्धात दक्षिणेच्या काचेची गंमत वेगळी: ऐन उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असल्याने तिच्यावर ऊन कमी पडतं, आणि सूर्य खाली कलला की ते खोलवर आत येतं. म्हणून दक्षिणेच्या झोनचा सर्वाधिक लोड उन्हाळा सरल्यावर निघाला तर दचकू नका. भिंत तिरकी असेल तर परिशिष्ट जी मधलाच नियम उपयोगी पडतो: दोन दिशांमध्ये ४५ अंशांपेक्षा कमी फरक असेल तर त्या एक धरता येतात. दोन बाजूंना काच असलेली कोपऱ्यातली बंद खोली मात्र मी नेहमी स्वतंत्र ठेवते. याबाबतीत मी कोणाचंही ऐकत नाही.

यानंतर वेगळ्या वागणुकीच्या खोल्या रंगवा. सर्व्हर रूम रात्रंदिवस चालते; तिला ऑफिसच्या वेळापत्रकात अडकवलं तर रात्री एका खोलीसाठी अख्खा एएचयू (सगळ्या झोनांना हवा पुरवणारं मुख्य यंत्र) चालवावा लागेल. तिला वेगळी सिस्टीमच द्या. मीटिंग रूमबद्दल खाली सविस्तर बोलते. टॉयलेट, जिने, शाफ्ट यांची हवा थंड करायची नसली तरी त्यांना मॉडेलमधून गाळू नका. अनकंडिशन्ड झोन म्हणून ठेवा, नाहीतर शेजारच्या भिंतीपलीकडे काय आहे हे सॉफ्टवेअरला कळत नाही.

आणि हात आवरा. प्रत्येक झोन म्हणजे एक बॉक्स किंवा फॅन कॉइल (पंखा आणि थंड नळ्यांचं छोटं यंत्र), एक थर्मोस्टॅट, त्याची वायर आणि पुढची पंधरा वर्षं कोणीतरी शिडी लावून वर चढणं. एकाच दिशेच्या, एकाच वापराच्या चार केबिन ओळीने असतील तर त्यांचा एक झोन पुरतो.

आता सॉफ्टवेअर

नाव कोणतंही असो, उतरंड सारखी असते: खोली किंवा स्पेस, त्यांचा झोन, झोनांची सिस्टीम. कॅरिअर कंपनीच्या हॅप या लोड काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेस आधी बनतात आणि मग झोनमध्ये बसवल्या जातात. ट्रेन कंपनीच्या तशाच ट्रेस ७०० मध्ये खोल्या झोनमध्ये आणि झोन सिस्टीममध्ये ओढून टाकता येतात. रेव्हिटमध्ये (इमारतीचं मॉडेल काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) जोवर तुम्ही झोन देत नाही तोवर प्रत्येक स्पेस ‘डीफॉल्ट’ झोनमध्ये पडून राहते, आणि बाकीच्या गर्दीत ती सहज नजरेतून सुटते. म्हणून खोल्या भरून झाल्या की डीफॉल्ट झोन रिकामा झाला का, हे मी आधी बघते. नावं मजला-दिशा-क्रमांक अशी द्या: ‘०३-पश्चिम-०२’. ‘झोन १७’ कुठे आहे हे तीन महिन्यांनी तुम्हालाही आठवणार नाही.

उत्तर दिशा तपासा. आर्किटेक्टचा प्लॅन कागदावर सरळ बसावा म्हणून फिरवलेला असतो. रेव्हिटमध्ये म्हणूनच प्रोजेक्ट नॉर्थ आणि ट्रू नॉर्थ असे दोन प्रकार आहेत. ट्रू नॉर्थ दिला नाही तर वर केलेली सगळी रंगरंगोटी वाया.

मोकळ्या ऑफिसात कडेचा पट्टा आणि गाभा यांच्यात भिंत नसते, तुमची फक्त रेघ असते. रेव्हिटमध्ये ती स्पेस सेपरेटरने ओढतात. पुढच्या सॉफ्टवेअरमध्ये ती साध्या पार्टिशनची भिंत बनली नाही ना, हे उघडून बघा. बनली तर खिडकीतून आलेलं ऊन त्या काल्पनिक भिंतीवर अडतं आणि गाभ्याला पोचतच नाही. एनर्जीप्लसमध्ये (इमारतीच्या ऊर्जेचं सिम्युलेशन करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) यासाठी एअर बाउंड्री नावाचं वेगळं कन्स्ट्रक्शन आहे, तेच वापरा. अशा उघड्या शेजाऱ्यांना सेटपॉइंटही (राखायचं तापमान) सारखे द्या. एकाला २२ आणि दुसऱ्याला २५ दिलं, तर एक झोन गरम करत असताना शेजारचा थंड करत बसतो. थंड करण्यासाठी २४ आणि गरम करण्यासाठी २१ असं मधे अंतर ठेवलेलं बरं.

फॉल्स सीलिंगच्या वरची जागा परतीच्या हवेसाठी वापरणार असाल तर ती प्लेनम म्हणून स्वतंत्र द्या. दिव्यांच्या उष्णतेचा काही भाग तिथेच परतीच्या हवेत जातो. तो खोलीच्या माथी मारला तर खोलीसाठी मोजलेली हवा फुगते.

सारखे मजले असतील तर सगळे काढत बसू नका. पाच मजल्यांत तळमजला जमिनीला टेकलेला, पाचव्यावर छत. मधले तीन एकसारखे असतील तर एकच काढून त्याला ३ चा मल्टिप्लायर द्या, आणि मजल्यांमधले स्लॅब ॲडियाबॅटिक (उष्णता आरपार न जाऊ देणारे) ठेवा. शेजारच्या इमारतीची सावली दुसऱ्या मजल्यावर पडते आणि चौथ्यावर नाही, असं असेल तर मात्र हा शॉर्टकट घेऊ नका.

बेरीज कुठली घ्यायची

पूर्वेच्या झोनला सकाळी नऊला ९ किलोवॅट आणि दुपारी चारला साडेचार. पश्चिमेच्या झोनला सकाळी ४ आणि दुपारी १०. दोघांच्या कमाल लोडची बेरीज १९ होते, पण दोघांचा एकाच वेळचा सर्वांत मोठा आकडा साडेचौदा. व्हीएव्ही सिस्टीममध्ये प्रत्येक बॉक्स आपापल्या झोनच्या कमाल लोडवर निवडायचा, ९ वर आणि १० वर. एएचयूचा पंखा आणि कॉइल (हवा थंड करणाऱ्या नळ्या) मात्र एकाच वेळच्या लोडवर, कारण पूर्वेचा डँपर मिटत असतानाच पश्चिमेचा उघडतो. हवेचं प्रमाण कायम ठेवणारी सिस्टीम असेल तर पंख्याला पूर्ण बेरीजच घ्यावी लागते. हाच प्रश्न झोनच्या आतही येतो: हॅप तुम्हाला विचारतं की झोनची हवा त्याच्या कमाल सेन्सिबल (तापमान वाढवणाऱ्या) लोडवरून काढू की स्पेसच्या हवांची बेरीज करू, आणि स्पेसची हवा तिच्या स्वतःच्या कमाल लोडवर की झोनच्या त्या तासावर. मी डिफ्यूझर निवडताना स्पेसचा स्वतःचा कमाल लोड घेते. वरच्या केबिनसाठी घेतला असता तर निदान तिची झळ तरी कमी झाली असती.

मीटिंग रूम हा सगळ्यात अवघड झोन. ४० चौरस मीटर, २० माणसं. ऑफिसात काम करणारा माणूस साधारण ७५ वॉट सेन्सिबल आणि ५५ वॉट लेटंट (ओलाव्यातून येणारी) उष्णता देतो, म्हणजे माणसांचेच दीड किलोवॅट. दिवे, लॅपटॉप धरून समजा २.८. त्याला सेकंदाला साधारण २१२ लिटर हवा. ॲश्रे ६२.१ (ताज्या हवेचं मानक) प्रमाणे ताजी हवा सेकंदाला दर माणशी अडीच लिटर आणि दर चौरस मीटरला ०.३, म्हणजे ५० अधिक १२, एकूण ६२ लिटर. आता बॉक्सची किमान हवा सवयीने ३० टक्के ठेवली तर ती ६४ लिटर होते. ६४ मध्ये ६२ ताजी! अनेक झोनांच्या हिशेबात हा झोन क्रिटिकल (ताज्या हवेचं सर्वांत जास्त प्रमाण मागणारा) ठरतो आणि या एका खोलीपायी सॉफ्टवेअर अख्ख्या एएचयूची ताजी हवा वाढवून ठेवतं. एएचयूची ताजी हवा अचानक मोठी दिसली तर क्रिटिकल झोन कोणता आहे ते रिपोर्टमध्ये शोधा, आणि त्या एका झोनची किमान टक्केवारी वाढवा. खोली गरजेपेक्षा गार होऊ नये म्हणून बॉक्समध्ये रीहीट (हवा पुन्हा तापवण्याची सोय) लागेल, किंवा माणसं आहेत की नाहीत हे ओळखणारा सेन्सर.

रन झाल्यावर

एनर्जीप्लसमध्ये पहिला रन मी आयडियल लोड्सवर (हवी तेवढी उष्णता देणाऱ्या-काढणाऱ्या काल्पनिक सिस्टीमवर) घेते, सिस्टीम नंतर. म्हणजे जे चुकलं ते झोनमधलं, हे नक्की असतं. पहिल्यांदा क्षेत्रफळ: झोनांची बेरीज ड्रॉइंगशी जुळली पाहिजे. झोनचं आकारमान शून्य किंवा उणे असल्याचा इशारा आला तर एखाद्या पृष्ठभागाची बाजू उलटी आहे किंवा एखादा पृष्ठभाग गहाळ आहे.

मग प्रत्येक झोनचा कमाल लोडचा तास बघा. माझ्या मते ही सगळ्यात कामाची तपासणी आहे, आणि तिला दोन मिनिटं लागतात. पश्चिमेचा झोन सकाळी नऊला कमाल दाखवत असेल तर उत्तर उलटी आहे. मधल्या मजल्याच्या गाभ्याला हिवाळ्यात मोठा हीटिंग लोड दिसत असेल तर त्याची एखादी आतली भिंत किंवा स्लॅब ‘आउटडोअर्स’ (बाहेरच्या हवेला लागलेला) झाला आहे. एका झोनमधल्या दोन खोल्यांचे तास चार-पाच तासांनी वेगळे असतील तर झोन फोडा.

फक्त हीटिंगच्या आकड्यांवरून झोन ठरवू नका. हिवाळ्याचा डिझाइनचा दिवस ऊन आणि माणसं न धरता काढतात, त्यामुळे सगळे झोन एकाच वेळी कमाल दाखवतात आणि एकत्र करायला हरकत नाही असं वाटतं. खरी परीक्षा हिवाळ्याच्या उन्हाच्या सकाळी होते: काचेजवळचा पट्टा उष्णता मागत असतो आणि गाभ्यातल्या माणसांना गार हवा हवी असते. त्यासाठी पूर्ण वर्षाचा रन घ्या आणि अनमेट तास (तापमान राखता न आलेले तास) झोननिहाय बघा. परिशिष्ट जी ३०० तासांपर्यंत चालवून घेतं. माझ्या अनुभवात ते सगळे तास बहुधा एक-दोन झोनांमध्येच साचलेले असतात.

शेवटी प्लॅनवर थर्मोस्टॅटची जागा स्वतः दाखवा. सॉफ्टवेअर झोनमधली हवा सगळीकडे सारखी मिसळलेली धरतं, म्हणून ही जागा ते कधीच विचारत नाही. आतली भिंत, साधारण दीड मीटर उंची, ऊन येणार नाही, डिफ्यूझरची हवा थेट लागणार नाही, मागे फोटोकॉपी मशीन नाही. झोनच्या रंगीत प्लॅनवरच तो ठिपका काढा आणि कंट्रोल्सचं काम करणाऱ्या माणसाच्या हातात तोच कागद द्या.