मुलाला ऑनलाइन ब्लॅकमेल केलं जातंय? नागपूरच्या पालकांनी काय करायचं, कोणत्या क्रमाने

रात्री साडेबाराला मेसेज येतो: 'पाच हजार पाठव, नाहीतर व्हिडिओ सगळ्यांना जाईल.' सोबत मुलाच्या फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट. त्यात मामेबहीण आहे, क्लासचे सर आहेत, खालच्या मजल्यावरचा मित्र आहे. शेवटी एक यूपीआय आयडी. हेच खातं आठवडाभर एका मुलीच्या नावाने गोड बोलत होतं.

नग्न फोटो-व्हिडिओ मिळवून पैशासाठी केल्या जाणाऱ्या या ब्लॅकमेलमध्ये मुलींपेक्षा मुलगे जास्त अडकतात, आणि ते घरी सहसा बोलत नाहीत. मुलांना फोनच देऊ नका, असा सल्ला इथे मिळणार नाही. मे महिन्यात नागपुरात दुपारभर पोरं कूलरसमोर बसून दुसरं काय करणार आहेत? पुढचं सगळं, घटना घडलीच तर काय करायचं याबद्दल आहे.

आधी पोराला धीर द्या

मुलाने तोंड उघडलं की पहिलं वाक्य 'बरं झालं सांगितलंस' हेच असू द्या. पोरगा घरी सांगायला घाबरेल, याच भरवशावर ब्लॅकमेल करणाऱ्याचा धंदा चालतो. 'कशाले दिला एवढ्या पोराले फोन' ही चर्चा आत्या, काका, आजी सगळे मिळून नंतर महिनाभर करू शकतात. आज नको. त्या रात्री घरातलं कुणीतरी मोठं माणूस त्याच्याच खोलीत झोपू द्या. तो जिवाचं बरंवाईट करण्याच्या गोष्टी बोलत असेल तर एकटं सोडू नका. १४४१६ ही टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन आहे, आणि सकाळी मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या, मानसोपचार विभागात नेता येतं.

पैसे देऊ नका, दिले असतील तर लगेच १९३०

एकदा पैसे मिळाले की मागणी थांबत नाही, वाढते. आधीच गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा आणि आपल्या बँकेलाही कळवा. यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा खास क्रमांक, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त.

पुरावा जपा, पण फोटो फिरवू नका

घाबरलेलं पोरगं सगळ्यात आधी चॅट डिलीट करतं. ते थांबवा, आणि ब्लॉकही पुरावा घेतल्यावरच करा.

समोरच्या खात्याचं नाव टिपून ठेवणं पुरेसं नाही, कारण ते एका मिनिटात बदलता येतं. प्रोफाइलवरच्या तीन ठिपक्यांत जाऊन लिंक कॉपी करा. धमकीचे मेसेज तारीख-वेळेसकट, मोबाइल नंबर, यूपीआय आयडी, व्हिडिओ कॉलची वेळ, हे सगळं घ्या. स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट काढला की समोरच्याला कळतं. तिथे आईच्या किंवा बाबांच्या फोनने स्क्रीनचा फोटो काढा, पण फक्त धमकीच्या मजकुराचा.

आता यातली अवघड गोष्ट. मुलाचा नग्न फोटो किंवा व्हिडिओ 'पुरावा' म्हणून स्वतःच्या फोनवर घेऊ नका. मामाला, मुख्याध्यापकांना, ओळखीच्या वकिलालाही पाठवू नका. अठरा वर्षांखालील मुलांचं असं साहित्य बाळगणं आणि पुढे पाठवणं यावर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब लागतं. २३ सप्टेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने याबाबतची शंका आणखी मिटवली. त्या खटल्यात अपील घेऊन गेली होती जस्ट राइट्स फॉर चिल्ड्रन अलायन्स, म्हणजे मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांची आघाडी. तेव्हा मुलाचा फोन आहे तसा पोलिसांना दाखवा.

फोटो पसरण्याआधी अडवा

टेक इट डाऊन ही मोफत सेवा इथे कामाची आहे. ती अमेरिकेतली हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीची राष्ट्रीय संस्था, म्हणजे एनसीएमईसी चालवते, आणि तिच्यासाठी सुरुवातीचा पैसा मेटा कंपनीने दिला होता. मुलाच्याच फोनवरून साइट उघडायची आणि फोटो निवडायचा. फोटो फोनबाहेर जात नाही. त्यापासून आकड्या-अक्षरांची एक खूण तयार होते आणि तेवढीच पाठवली जाते. फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅटसारख्या सहभागी कंपन्या ती खूण जुळवून फोटो अडवतात. नाव-गाव द्यावं लागत नाही.

हिच्या मर्यादाही माहीत असू द्या. फोटो कापला किंवा बदलला की खूण बदलते. आणि व्हॉट्सॲपवर मेसेज कंपनीलाच दिसत नाहीत, त्यामुळे तिथे ही खूण चालत नाही. तिथे त्या नंबरची तक्रार ॲपमध्येच करा. तेव्हा शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात.

फोटो एखाद्या वेबसाइटवरच चढला असेल तर वाट वेगळी. मुलांचं असं साहित्य इंटरनेटवरून हटवणाऱ्या ब्रिटनच्या इंटरनेट वॉच फाउंडेशनसोबत मुंबईच्या आरंभ इंडिया या संस्थेने २०१६ मध्ये भारतासाठी तक्रारीची सोय सुरू केली. तिथे फक्त लिंक द्यायची असते.

तक्रार

सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर महिला आणि बालकांविषयीच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे. नाव न देता तक्रार करता येते, पण मग तिचं पुढे काय झालं ते बघता येत नाही. माझं मत विचाराल तर नाव द्या, आणि तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवा.

पोर्टलवर तक्रार केली म्हणजे एफआयआर झाला असं होत नाही. ठाण्यात जावंच लागतं. तुम्ही राहता मानेवाड्याला, पोराचा क्लास सीताबर्डीला, समोरचा बसलाय दुसऱ्याच राज्यात. हद्द कुणाची, हा घोळ तुम्ही सोडवायचा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची असते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

मुलाला ठाण्यात नेण्याच्या कल्पनेनेच आईबाप गळून जातात. पॉक्सोच्या कलम २४ नुसार मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाशिवाय. हे नम्रपणे पण आधीच सांगा. मुलाने फोटो स्वतःहून पाठवला होता म्हणून तक्रारच होत नाही, हा समजही चुकीचा. अठरा वर्षांखाली संमतीला अर्थ नाही.

शाळा किंवा क्लास 'आपसात मिटवू, नाव खराब होईल' म्हणत असेल, तर पॉक्सोच्या कलम १९ ची आठवण करून द्या. गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवायची आहे, आणि न कळवणं हाही गुन्हा आहे. व्हिडिओ फिरवणारा वर्गातलाच पोरगा असेल तर तो बाल न्याय मंडळासमोर जाईल, तुरुंगात नाही. हे कळलं की समोरच्या पालकांचाही सूर बराच खाली येतो.

संस्था कुठे उपयोगी पडतात

१०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन सगळ्यांना माहीत आहे. १९९६ मध्ये मुंबईत एका सामाजिक प्रकल्पातून ती सुरू झाली, अनेक वर्षं स्वयंसेवी संस्थांनी चालवली, आणि २०२३ पासून ती सरकारकडे आहे. मूल स्वतःही फोन करू शकतं.

बऱ्याच पालकांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे साहाय्यक व्यक्ती. पॉक्सो प्रकरणात बाल कल्याण समिती मुलासोबत अशी व्यक्ती देऊ शकते. समुपदेशन, जबाब, कोर्टाच्या तारखा यांत ती सोबत असते आणि बहुधा एखाद्या संस्थेतून येते. समितीसमोर स्वतःहून मागा. मागितल्याशिवाय पुष्कळ गोष्टी मिळत नाहीत.

शाळेत सायबर सुरक्षेची कार्यशाळा घ्यायला संस्था येते, तेव्हा पालकसभेत दोन गोष्टी विचारा: धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का, आणि पैसा कुणाचा. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, मिहानमधल्या मोठ्या कंपन्याही त्याला अपवाद नाहीत. इंटरनेट वॉच फाउंडेशनसुद्धा बऱ्याच अंशी उद्योगाच्या वर्गणीवर चालते. पैसा घेण्यात वावगं नाही. पण सगळं भाषण 'पोरांनो, सावध राहा' एवढंच असेल आणि अनोळखी माणसाला मुलापर्यंत पोचू देणाऱ्या ॲपबद्दल चकार शब्द नसेल, तर हात वर करून विचारायला लाजू नका.

आणि तक्रारीनंतर 'आम्ही व्हिडिओ कायमचा काढून देतो, फी एवढी' म्हणणारे फोन आले तर ठेवून द्या. स्वतःला सीबीआयचा किंवा यूट्यूबचा अधिकारी म्हणवणारा तर बहुतेकदा त्याच टोळीतला असतो.

सेटिंग

व्हॉट्सॲपमध्ये 'ग्रुपमध्ये कोण घालू शकतं' तिथे फक्त कॉन्टॅक्ट्स ठेवा. इन्स्टाग्रामने २०२४ मध्ये किशोरांसाठी वेगळी खाती आणली. ती आपोआप खासगी असतात, अनोळखी माणसाला मेसेज टाकता येत नाही, आणि सोळाच्या आतल्या मुलाला हे सैल करायला पालकांची परवानगी लागते. पण हे सारं खात्यातल्या जन्मतारखेवर अवलंबून. आठवीतल्या पोराच्या खात्यात जन्मसाल १९९८ निघालं तर ॲपच्या लेखी तो मोठा माणूस आहे. आज संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून ती तारीख बघा आणि खरी घाला. तेरा पूर्ण नसतील तर खातं बंदच करावं लागेल, आणि त्यावरून घरात जे रामायण घडेल त्याच्यासाठी मात्र कुठलीच हेल्पलाइन नाही.