पहिलं बाळ घरी आलंय? पहिले तीन महिने असे काढ

सगळ्यात आधी दुधाचं बोलते, कारण बाळंतिणीच्या खोलीत येणारा प्रत्येक माणूस त्यावरच काहीतरी बोलून जातो. पहिले दोन-तीन दिवस घट्ट पिवळसर चीक येतो, अगदी थोडासा, आणि बाळाचं पोटही तेवढंच असतं त्यामुळे ते त्याला पुरतं. हे दूध खराब असतं, पिळून टाक असं सांगणाऱ्या बायका अजूनही भेटतात, त्यांचं अजिबात ऐकू नको, तो चीक बाळाच्या पोटात गेलाच पाहिजे. खरा पान्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी फुटतो, सिझर झालं असेल तर कधीकधी अजून एखादा दिवस. तोवर बाळाचं वजन थोडं उतरतं, ते साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. उतरलेलं वजन १० टक्क्यांच्या वर गेलं तर मात्र डॉक्टरांना दाखवायचंच.

आता पाजायचं कसं ते नीट सांगते कारण निम्मा त्रास इथेच असतो. पाठीला उशी, पायाखाली पाट घे. बाळ पूर्ण तुझ्याकडे वळलेलं, त्याचं पोट तुझ्या पोटाला, मान वाकडी नाही. त्याच्या वरच्या ओठाला निपल लाव आणि थांब, घाई करू नको, जांभईसारखा मोठ्ठा आ केला की पटकन बाळाला छातीकडे आण, आपण त्याच्यावर वाकायचं नाही, वाकलं की पाठ जाते. नुसतं टोक तोंडात नको, भोवतीचा काळा भागही बराचसा आत गेला पाहिजे, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली. पकड बरोबर बसली की थोड्या वेळाने गिळल्याचा बारीक आवाज येतो. दुखत राहिलं तर सहन करत बसू नको, स्वच्छ करंगळी त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून सोडव आणि परत लाव, पाच वेळा करावं लागलं तरी चालेल, चिरा पडतात त्या बहुतेक वेळा चुकीच्या पकडीनेच.

आणि "हिचं दूध पुरत नाही" हे वाक्य कुणी म्हटलं की आधी लंगोट मोज. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर २४ तासांत सहा तरी छान ओले लंगोट होत असतील, शू फिकट असेल, वजन वाढत असेल तर दूध पुरतंय, विषय संपला. रडण्यावरून काहीच ठरवायचं नाही. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजणं हे या वयात नॉर्मल आहे, संध्याकाळी तर काही बाळं तासन्‌तास छाती सोडत नाहीत, आणि सहा आठवड्यांच्या आसपास रडणं सगळ्यात जास्त असतं, मग हळूहळू कमी होत जातं. नेमक्या याच दिवसांत घाबरून पावडरचा डबा घरात येतो, मग बाळ कमी ओढतं आणि मग दूध खरंच कमी होतं. डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं असेल तर ती वेगळी गोष्ट, तेव्हा बिनधास्त द्यायचं, त्यात कसलाही कमीपणा नाही.

सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, नागपूरच्या मे महिन्यातही नाही. मध तर वर्षभर नको, त्यातून लहान बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. घुटीवरून घरोघरी वाद होतात. सहाण, वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, जायफळ, कुणाचे किती वळसे ते आजीला तोंडपाठ असतं, आणि तिचं प्रेम खरं असतं. पण जायफळाने बाळाला गुंगी येऊ शकते, आणि सहाण कितीही धुतली तरी उघड्यावर उगाळलेलं ते पोटात जाणार. आजीशी वाद घालत बसू नको, लसीच्या वेळी तिला सोबत ने आणि हा प्रश्न तिलाच डॉक्टरांना विचारू दे. घरी आल्यावर तिला बाळाचं दुसरं काम दे, पाजून झालं की खांद्यावर घेऊन ढेकर काढायचं, आजीइतकं शांतपणे ते कुणालाच जमत नाही.

मालिशवाल्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगून ठेव: नाका-कानात तेल नको, बाळाची छाती पिळायची नाही, पाय धरून उलटं करायचं नाही, नाळेवर हळद-तेल-पावडर काही नको. नाळ कोरडी राहिली की आपोआप पडते. डोळ्यात काजळ नको, तीट लावायचीच असेल तर तळपायाला लाव. आणि शेगडी, हे मात्र कळकळीने सांगते, दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी खोलीत ठेवायची नाही, त्यातला कार्बन मोनॉक्साईड वासाने कळतही नाही. शेक हवाच तर तू गरम पाण्याची पिशवी घे. बाळाला झोपवायचं ते पाठीवरच, सपाट घट्ट गादीवर, आजूबाजूला उशा, रजया, मोहरीची उशी काही नको.

तुझं खाणं: डिंकाचे लाडू, अळीवाची खीर, बाळंतशोप, सगळं खा पण त्याच्या जोडीला वरण-भात, पालेभाजी, फळं, दही पण खा. पाणी प्यायल्याने टाके ओले राहतात वगैरे काही नसतं, तहान लागेल तेवढं पी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात, त्या बऱ्याच जणी महिन्याभरात सोडून देतात, तू सोडू नको.

झोप ही घरातल्या सगळ्यांची जबाबदारी आहे असं मी मानते. पाजणं तुझं, पण लंगोट बदलणं, ढेकर काढणं, कपडे, पाहुण्यांचा चहा यातलं काहीही तुझं नाही. माहेरी असशील तर नवरा येईल तेव्हा एक पूर्ण रात्र ही कामं त्याच्याकडे दे, तोही शिकेल. भेटायला येणाऱ्यांनी हात धुवायचे, सर्दी-खोकला असेल तर यायचं नाही, पापा घ्यायचा नाही, आणि हे पाहुण्यांना घरातल्या माणसांनी सांगायचं, बाळंतिणीने नाही.

पहिले दोन आठवडे उगाच रडू येतं, ते बऱ्याच जणींना होतं. त्याच्यापुढेही उदास वाटत राहिलं, बाळाकडे बघावंसं वाटेना, बाळ झोपलं तरी तुला झोप येईना, तर डॉक्टरांना सांग, किंवा १४४१६ ला फोन कर, टेली-मानसची ती सरकारी हेल्पलाईन आहे, पैसे पडत नाहीत. आणि स्वतःला किंवा बाळाला काही करून टाकावं असे विचार आले तर लगेच, त्याच क्षणी घरातल्यांना सांग, एकटी राहू नको.

वाट न बघता गाडी काढायची ती अशा वेळी: तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाईट किंवा त्याच्या वर ताप, दूध ओढेना, सुस्त पडलंय, श्वास घेताना छाती आत जातेय, पिवळेपणा तळहात-तळपायापर्यंत उतरलाय. तुझ्यासाठी: तासाभरात एक पॅड पूर्ण भिजतोय, ताप आणि घाण वास, डोकं फुटेल असं दुखणं आणि डोळ्यांपुढे अंधारी, एकच पोटरी सुजून दुखतेय.

लसी ६, १० आणि १४ आठवड्यांना, सरकारी दवाखान्यात फुकट, कार्ड जपून ठेव. आणि सहा आठवड्यांची तुझी स्वतःची तपासणी असते ती विसरू नको, बाळाच्या लसीच्या गडबडीत ती हमखास राहते. टाके, बीपी, हिमोग्लोबिन बघून घे आणि त्याच दिवशी पुढच्या गॅपचंही विचार, कारण पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणारच नाहीत असं नसतं. कॉपर-टी, गोळ्या, इंजेक्शन, पाजत असताना तुला काय चालेल ते डॉक्टर सांगतील, जाताना नवऱ्यालाही सोबत ने.