तीस जूनपर्यंतचा पगार

त्या सोमवारी सकाळी मी लाँड्री रूममध्ये प्रॅक्टिसच्या जर्सी ड्रायरमधून काढून नंबराप्रमाणे लावत होते. मार्चचा दुसरा आठवडा होता. कॉन्फरन्स टूर्नामेंटची, म्हणजे आमच्या कॉलेजगटाच्या स्पर्धेची, पहिलीच मॅच हरून आम्ही शनिवारी रात्री बसने परतलो होतो. फोनवर मेसेज आला, आठ वाजता टीम मीटिंग, सगळ्या स्टाफने यायचं. मीटिंग सहा मिनिटांत संपली. एडी, म्हणजे अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, उभ्यानेच बोलले आणि हेड कोच खोलीत नव्हत्याच. मी परत आले तेव्हा ड्रायर अजून गरम होता.

मी नागपूरची. धंतोलीच्या मैदानावर खेळून मोठी झाले, मग स्पोर्ट मॅनेजमेंटची मास्टर्स करायला अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका मध्यम विद्यापीठात आले. दीड वर्ष तिथल्या मुलींच्या बास्केटबॉल टीमची ग्रॅज्युएट असिस्टंट होते. डिसेंबरात डिग्री झाली आणि जानेवारीपासून ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर काही काळ तिथे काम करायच्या परवानगीवर, त्याच टीमच्या ऑपरेशन्समध्ये, म्हणजे व्यवस्थेच्या कामात, लागले. नागपूर-पुण्याच्या मुली मला विचारतात, "ताई, तिथे कोचिंगमध्ये शिरता येतं का? पगार किती मिळतो?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो आहे. दुसरा प्रश्न अर्धा आहे, आणि त्याचा उरलेला अर्धा भाग मला त्या मार्चमध्ये कळला.

बातम्यांतले आकडे डोळे दिपवणारे असतात, हे खरं. २०२३ मध्ये एलएसयूने, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाने, मुलींच्या बास्केटबॉल टीमची कोच किम मल्कीशी दहा वर्षांचा ३ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला. २०२५ च्या जानेवारीत साउथ कॅरोलायनाने आपली कोच डॉन स्टेलीला वर्षाला ४० लाख डॉलर देऊ केले, वर करारावर सही करण्याचे ५ लाख. या खेळातली सगळ्यात मोठी कोच पॅट समिट १९७४ मध्ये टेनेसीत हेड कोच झाली तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि तिला महिन्याला २५० डॉलर मिळत. टीमची व्हॅन तीच चालवायची, कपडेही तीच धुवायची. वर्षाला दहा लाखांच्या पुढे जायला तिला २००६ उजाडलं. माझ्या लाँड्री रूमचा मला कमीपणा वाटत नाही, तो यामुळे.

मात्र एलएसयू, साउथ कॅरोलायना आणि टेनेसी ही तिन्ही एसईसी कॉन्फरन्समधली आहेत. तिथे टीव्हीचा पैसा येतो तो मुख्यतः अमेरिकन फुटबॉलमुळे. मल्कीचा पगार मुलींच्या मॅचच्या तिकिटांतून वसूल होत नाही, तसा तो व्हावा अशी कुणाची अपेक्षाही नाही.

आमच्यासारख्या कॉलेजात फुटबॉलचा असा धो धो पैसा नसतो. क्रीडा विभागाचा मोठा खर्च विद्यार्थ्यांच्या फीमधून आणि विद्यापीठाच्या सर्वसाधारण निधीतून भागतो, थोडे देणगीदार असतात. मग कुणी म्हणेल, एनसीएए या कॉलेज-खेळांच्या राष्ट्रीय संस्थेच्या टूर्नामेंटचे पैसे येतात ना? मुलांच्या टूर्नामेंटचे कित्येक दशकं येतात. मुलींच्या टीमला २०२५ पर्यंत एक छदामही मिळत नव्हता. त्या वर्षी पहिल्यांदा १ कोटी ५० लाख डॉलर वाटायचं ठरलं. फायनल सोडून टीम खेळेल त्या प्रत्येक मॅचचं एक युनिट धरायचं, आणि एका युनिटचे साधारण १ लाख १३ हजार डॉलर. तेही जातात कॉन्फरन्सकडे, तिथून दहा-बारा कॉलेजांत वाटणी. म्हणजे आम्ही टूर्नामेंटमध्ये एक मॅच जिंकलो असतो तरी आमच्या वाट्याला जे आलं असतं, त्यात एका असिस्टंटचाही पगार निघाला नसता. एवढं असून नव्या कोचसाठी पैसे निघतात. एडींना अध्यक्षांपुढे आणि देणगीदारांपुढे काहीतरी हालचाल दाखवायची असते, शेजारच्या कॉलेजांच्या मागे पडायचं नसतं. ही गुंतवणूक बरीचशी प्रतिष्ठेची आहे, असं माझं मत.

हेड कोचना काढलं त्याच दुपारी मला एक काम मिळालं. असोसिएट एडींना एक तक्ता हवा होता. उमेदवाराचं नाव, सध्याचा पगार, कराराची किती वर्षं उरली, आणि बायआउट किती. मी विचारलं, हे मला कुठून कळणार? त्या हसल्या. सरकारी विद्यापीठांतल्या कोचचे करार सार्वजनिक कागद असतात. माहितीच्या अधिकाराखाली आपण अर्ज करतो तसा तिथेही करता येतो, आणि बरेचसे करार वर्तमानपत्रांनी आधीच मिळवून ठेवलेले असतात. खासगी विद्यापीठांच्या कर विवरणात सर्वाधिक पगार घेणाऱ्यांची नावं सापडतात. शिवाय प्रत्येक कॉलेजला मुलांच्या आणि मुलींच्या टीमचा खर्च, कोचचा सरासरी पगार, खेळाडू शोधण्यावरचा खर्च केंद्र सरकारला दरवर्षी कळवावा लागतो. ईएडीए नावाचं ते संकेतस्थळ कुणालाही फुकट बघता येतं. अर्ज करायच्या आधी ते बघा. मुलींच्या सगळ्या टीमचा मिळून खेळाडू शोधण्याचा खर्च मुलांच्या निम्म्याने असेल, तर तिथे तुमचा प्रवास गाडीने आणि मुक्काम एका खोलीत तिघींचा, हे धरून चाला.

त्या तक्त्यातला बायआउटचा रकाना मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. हा आकडा दोन्ही बाजूंनी लागतो. कॉलेजने कोचला तिचा दोष नसताना काढलं, तर उरलेल्या पगाराचा ठरलेला हिस्सा द्यावा लागतो. कोच स्वतः दुसरीकडे गेली, तर तिने जुन्या कॉलेजला भरायचे, आणि प्रत्यक्षात ते नवं कॉलेज भरतं. समजा, एका हेड कोचचा पगार आहे २ लाख आणि तिला उचलायचा बायआउट ३ लाख. मग पहिल्या वर्षी ती ५ लाखांना पडते, वर आमच्या जुन्या कोचची भरपाई वेगळी. हा आकडा दरवर्षी ठराविक तारखेला उतरतो. कुणाची गच्छंती कधी जाहीर होते हे बघताना करारातली ती तारीख शेजारी ठेवा, पुष्कळ कोडी सुटतात.

म्हणूनच छोट्या कॉलेजांचा डोळा मोठ्या कॉलेजातल्या पहिल्या असिस्टंटवर असतो. तिला बायआउट नसतो किंवा नाममात्र असतो. पण पंचाईत अशी की तिथली अनुभवी असिस्टंट कधीकधी आमच्या हेड कोचपेक्षा जास्त कमावते. हेड कोच हे नाव लागावं म्हणून ती पगार कमी करून घेईल का, हा सौदा. तिसरी वाट म्हणजे खालच्या पायरीवर जिंकणारी कोच उचलणं. किम कॉल्डवेलने ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या कॉलेजला २०२२ मध्ये डिव्हिजन दोनचं, म्हणजे दुसऱ्या पातळीचं, विजेतेपद मिळवून दिलं, मार्शलमध्ये एकच वर्ष काढलं, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये टेनेसीने तिला वर्षाला साडेसात लाख डॉलरवर आणलं. मल्की-स्टेलीच्या मानाने हे स्वस्त. टेनेसीने तिचा चढता आलेख विकत घेतला.

"बाजार ठरवतो" हे वाक्य तुम्हाला वारंवार ऐकू येईल, वर्गातही. ते ऐकताना बास्केटबॉल कोच मॅरियन स्टॅन्ली लक्षात ठेवा. १९९३ मध्ये तिचा यूएससीशी, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाशी, करार संपला तेव्हा तिने मुलांच्या कोचएवढा पगार मागितला. तिच्या नावावर तीन राष्ट्रीय विजेतेपदं होती, त्याच्या नावावर एकही नाही. ती कोर्टात गेली आणि हरली. मुलांची टीम पैसा आणते, कोचवर तो आणण्याचा दबाव असतो आणि त्याचा अनुभव जास्त आहे, हे कोर्टाला पटलं. पुढे १९९७ मध्ये समान रोजगार संधी आयोगाने जे मार्गदर्शन काढलं त्यातला मुद्दा मला नेमका वाटतो. मुलींच्या टीमला जाहिरात आणि माणसं कमी देऊन उत्पन्न कमी ठेवायचं आणि मग त्याच उत्पन्नाकडे बोट दाखवून पगार कमी द्यायचा, हे चालणार नाही.

आमच्याकडे शेवटी तिघींना मुलाखतीला बोलावलं. मला त्यांना विमानतळावरून आणायचं काम होतं. गाडीत एकीनेही स्वतःच्या पगाराचा विषय काढला नाही. एकीने फोनवर एजंटला दोनच गोष्टी विचारल्या, असिस्टंट पूल किती, आणि खेळाडूंसाठी किती. असिस्टंट पूल म्हणजे सगळ्या असिस्टंटना मिळून वाटायची रक्कम. हेड कोचला दहा हजार जास्त दिले आणि पूल तोकडा ठेवला, तर ती चांगली माणसं आणू शकत नाही. खेळाडूंचा प्रश्न अलीकडचा आहे. १ जुलै २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजची वरची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. मोठ्या ठिकाणी त्यातला सिंहाचा वाटा फुटबॉल आणि मुलांचं बास्केटबॉल खातं. छोट्या ठिकाणी हा पैसा आणि कोचिंग स्टाफचा पैसा एकाच खिशातून येतो. वरून, कोच बदलली की खेळाडूंना ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या यादीत, जायची वेगळी मुभा मिळते. आमच्या पाच जणी तीन आठवड्यांत गेल्या.

आता तुमचं गणित. ग्रॅज्युएट असिस्टंटला फी माफ होते आणि थोडा स्टायपेंड मिळतो. व्हिसाच्या नियमाने सत्र चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येतं, आणि बास्केटबॉलला वीस तास म्हणजे काय हे ठाऊक नसतं. तास लिहून ठेवा, कोचला दाखवा. अवघडल्यासारखं वाटतं, पण व्हिसा तुमचा आहे. २०२३ मध्ये प्रत्येक टीमला दोन जास्तीच्या असिस्टंट ठेवायची मुभा मिळाली. त्या वेळच्या नियमाने त्या मैदानावर शिकवू शकत, खेळाडू शोधायला बाहेर जाऊ शकत नसत. नवख्यांसाठी दार उघडलं ते हेच. इथे अगदी खालच्या माणसालाही "कोच" म्हणतात. मला पहिल्यांदा एका मुलीने तशी हाक मारली तेव्हा मी मागे वळून कोण आहे ते बघितलं होतं.

नवी हेड कोच आली ती स्वतःची माणसं घेऊन. माझ्याशी बारा मिनिटं छान बोलली. पगार तीस जूनपर्यंत मिळेल, म्हणाली, कारण विद्यापीठाचं आर्थिक वर्ष तेव्हा संपतं आणि बहुतेक असिस्टंटचे करार एकेका वर्षाचेच असतात. ओपीटीवर एकूण नव्वद दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही. एप्रिलमध्ये फायनल फोरच्या, म्हणजे एनसीएए टूर्नामेंटच्या शेवटच्या चार टीमच्या मॅचच्या, गावी महिला कोचेसच्या संघटनेचं अधिवेशन भरतं, तिथे मी स्वखर्चाने जाऊन आले होते. हॉटेलच्या लॉबीत निम्मी माणसं नोकरी शोधत होती, उरलेली माणसं शोधत होती. काम तिथे नाही मिळालं. ते मिळालं आमच्याच एका जुन्या असिस्टंटच्या फोनवर, बेकारीच्या अडतिसाव्या दिवशी. तिच्या नव्या कॉलेजात ऑपरेशन्समध्ये जागा होती. विद्यापीठांना एच-वन-बीची वार्षिक मर्यादा आणि लॉटरी लागत नाही, हा आपल्यासाठी या क्षेत्रातला मोठा आधार.

तिथे पहिल्या दिवशी जेवणाच्या सुटीत मी तिथल्या हेड कोचचा करार शोधून वाचला. तिला काढायचा बायआउट पुढच्या १ एप्रिलला निम्म्यावर येतो. संध्याकाळी घर बघायला गेले तेव्हा मालकिणीला म्हटलं, वर्षाचा करार नको, महिन्या-महिन्याचा द्या. भाडं थोडं जास्त पडतं.